घरच्या बॅटरीनं ग्रिडला नेमकं किती दिलं? (ऍप एक सांगतं, बिल दुसरंच)

टॉरेन्सकाठी
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण हिशोब जुळत नाहीये म्हणून धागा काढतोय. आम्ही ऍडलेडला असतो, छपरावर ६.६ किलोवॅटचं सोलर आणि गॅरेजच्या भिंतीवर १३.५ युनिटची बॅटरी. गेल्या वर्षी एका व्हीपीपीत नाव घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हीपीपी म्हणजे व्हर्च्युअल पॉवर प्लांट, कंपनी हजारो घरांच्या बॅटऱ्या इंटरनेटवरून एकत्र चालवते, संध्याकाळी मागणी चढली की सगळ्यांना एकदम वीज सोडायला लावते आणि त्याचे आपल्याला पैसे देते.

तर जानेवारीत एका संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ असा इव्हेंट झाला. बाहेर ४१ डिग्री, घरात एसी चालू. ऍपवर हिरव्या अक्षरात "आज तुम्ही ग्रिडला ९.४ युनिट दिलेत, धन्यवाद". बायकोला दाखवलं, भारतात भावाला स्क्रीनशॉट पाठवला, सगळं झालं. महिन्याच्या बिलात मात्र त्या दिवसाचे पैसे फक्त ५.४ युनिटचे. मधले ४ युनिट कोणी खाल्ले? कंपनीचं नाव घेत नाही, दोनदा फोन केला तर "सर, दोन्ही आकडे बरोबर आहेत" एवढंच. दोन्ही कसे बरोबर असतील?

उगाच_एक
दोन्ही आकडे बरोबर आणि ग्राहक चूक. अभिनंदन, आता तुम्ही खरे ऑस्ट्रेलियन झालात.

आकडेबहाद्दर
अहो सोपं आहे. त्या दोन तासांत तुमचा एसी, फ्रिज वगैरे मिळून सरासरी २ किलोवॅट खात असणार, म्हणजे दोन तासांत ४ युनिट. बॅटरीतून निघाले ९.४, त्यातले ४ घरातच जिरले, मीटर ओलांडून बाहेर गेले ५.४. ऍप बॅटरीच्या तोंडाशी मोजतं, बिल मीटरच्या तोंडाशी. कोणी काही खाल्लं नाही, तुमच्या एसीनंच खाल्लं.

टॉरेन्सकाठी
हां हे पटलं. पण मग प्रश्न असा की घराला दिलेले ४ युनिट हे ग्रिडला दिल्यासारखे का नाही धरायचे? बॅटरी नसती तर ते ४ मी ग्रिडमधून ओढले असते ना, तेही ऐन पीकला, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असताना.

निवृत्त_वायरमन
टॉरेन्सकाठी, तुमचा हा प्रश्न पुण्यानं २००६ सालीच सोडवलाय बरं का. मी तेव्हा महावितरणमध्ये होतो. राज्यभर भारनियमन आणि पुण्यात सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेनं पुढाकार घेऊन ते "पुणे मॉडेल" आणलं, शून्य भारनियमनाचं. कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर होते. त्यांनी पीकच्या वेळी ते चालवायचे आणि तेवढी वीज ग्रिडमधून कमी घ्यायची, ती वाचलेली वीज शहराला. डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलात रिलायबिलिटी चार्ज म्हणून. जनरेटरची वीज कारखान्याच्या फाटकाबाहेर आली नाही, तरी शहरात दिवे लागले. म्हणजे कमी घेणं हेही देणंच.

पण त्यात एक गोम होती, तीच इथे आहे. जो कारखाना तसाही त्या वेळी जनरेटरवरच चालणार होता त्याला "तू कमी घेतलीस" म्हणून पैसे द्यायचे का? तुमची बॅटरी इव्हेंट नसता तरी संध्याकाळी घराला वीज देणारच होती ना?

टॉरेन्सकाठी
देणारच होती. रोज देते. सूर्य कलला की बॅटरी घर चालवते, रात्री एक-दोनपर्यंत पुरते.

निवृत्त_वायरमन
मग ते ४ युनिट कंपनीच्या इव्हेंटमुळे नाही झाले. तुमच्या बॅटरीमुळे झाले. पुण्य तुमचं, फक्त कंपनीच्या खात्यावर नाही.

आकडेबहाद्दर
काकांनी मुद्द्याला हात घातला. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि जाहिरातीत दोन्ही एकाच पातेल्यात ढवळतात. एक, बॅटऱ्या आहेत म्हणून ग्रिडवरचा भार किती हलका झाला. दोन, त्या बॅटऱ्या एका जाळ्यात बांधून एकदम चालवल्या म्हणून वरचं आणखी किती मिळालं. पहिलं बॅटरीचं योगदान, दुसरं जाळ्याचं.

मी कागदावर १,००० घरांचं मांडून बघतो (हे टक्के मी धरलेले आहेत, कुठल्या अहवालातले नाहीत, आपापले घालून बघा). प्रत्येकी ५ किलोवॅट, म्हणजे ब्रोशरवर ५ मेगावॅट. आता शंभरातल्या आठ घरांचं वायफाय तरी बंद असतं, राउटर बदललेला असतो किंवा कोणी ऍपमध्ये जाऊन इव्हेंट नाकारलेला असतो, उरली ९२०. सगळ्यांची बॅटरी भरलेली नसते, शिवाय लोक २० टक्के राखीव ठेवतात, म्हणून दोन तासांसाठी सरासरी ८ युनिट हाती लागतात असं धरू. ८ भागिले २ म्हणजे ४ किलोवॅट. ९२० गुणिले ४, ३.६८ मेगावॅट. हे झालं बॅटऱ्यांचं. त्यातून घरांनी तसेही वापरले असते ते सरासरी १.५ किलोवॅट वजा करा, उरले घरटी २.५. म्हणजे जाळ्याचं योगदान २.३ मेगावॅट. ५ म्हणून सुरुवात केली, निम्म्याच्या खाली आलो, आणि यात कोणी खोटं बोललेलं नाही.

बे_एरियातला_बंड्या
आमच्याकडचं उदाहरण. २९ जुलै २०२५ ला कॅलिफोर्नियात मोठी चाचणी झाली, एक लाखाहून जास्त घरगुती बॅटऱ्या संध्याकाळी ७ ते ९ एकदम सोडल्या. ब्रॅटल नावाच्या कन्सल्टन्सीनं अभ्यास केला, दोन तास सरासरी ५३५ मेगावॅट. भागाकार केला तर बॅटरीमागे ५ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे आकडेबहाद्दरांच्या ४ पेक्षा चांगलंच की. आमच्या दोन्ही बॅटऱ्या होत्या त्यात, मी स्वयंपाकघरात उभं राहून ऍप बघत होतो, बायको म्हणते आयपीएलची फायनल आहे का.

आकडेबहाद्दर
५३५ भारीच आहे, प्रश्नच नाही. पण ते ठरवून घेतलेल्या चाचणीत, आधी कळवून, बॅटऱ्या भरून ठेवून. अचानक सांगितलं तर किती? आणि तुमच्याकडे ४ ते ९ महाग दर असतो ना? मग त्या लाख बॅटऱ्यांपैकी कितीतरी तशाही त्या वेळी घर चालवतच असणार. ५३५ मधले जादाचे किती हा खरा प्रश्न.

बे_एरियातला_बंड्या
मान्य. माझी एक बॅटरी रोजच संध्याकाळी रिकामी होते. एप्रिल २०२३ नंतर ज्यांनी सोलर लावलं त्यांना बाहेर विकायला फारसा दर मिळत नाही, त्यामुळे ते दुपारी साठवून संध्याकाळी स्वतःच वापरतात. पण एक सांगतो, रोज माझी बॅटरी घरापुरतीच देते, दीड-दोन किलोवॅट. त्या दिवशी पूर्ण ताकदीनं बाहेर ढकलत होती. तो फरक जाळ्याचाच.

पिंपळे_सौदागरी
मी पुण्यात, घरी इन्व्हर्टर आहे १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. आमच्या सोसायटीत ४०० फ्लॅट, निम्म्यांकडे तरी इन्व्हर्टर असेल. हे जोडून आपण पण व्हीपीपी करू शकतो का? सहज विचारतोय.

निवृत्त_वायरमन
नाही हो. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १.८ युनिट, त्यातले लेड-ऍसिडमधून अर्धेच काढायचे नाहीतर बॅटरी लवकर बसते. शिवाय तुमचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर घराला देतो, उलटी मीटरकडे द्यायची सोयच नाही त्यात. खरं सांगू का, या बॅटऱ्या ग्रिडला मदत सोडा, भारच घालतात. भारनियमनाच्या काळात आम्ही फीडर, म्हणजे गावाची वीजवाहिनी, चालू केला की आधी अख्ख्या गावाचे इन्व्हर्टर चार्जिंगला लागायचे, फ्रिज, पंप सगळं एकदम, आणि दहा मिनिटांत फीडर पुन्हा ट्रिप. लोक आम्हाला शिव्या द्यायचे.

सावनी_मेलबर्न
मी वीज क्षेत्रातच काम करते म्हणून थोडं लांब लिहिते. इथे सगळे युनिटच्या मागे लागलेत, पण घरच्या बॅटऱ्यांचं सगळ्यात स्वच्छ मोजता येणारं काम युनिटमध्ये नाहीच, ते सेकंदांमध्ये आहे.

९ ऑक्टोबर २०१९. क्वीन्सलँडमधलं कोगन क्रीक, आमच्या ग्रिडमधलं सगळ्यात मोठं एकटं जनित्र, कोळशावरचं, ७४८ मेगावॅटवर चालू असताना ट्रिप झालं. फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, पुरवठा मागणीपेक्षा कमी पडला की घसरते) ४९.६१ हर्ट्झपर्यंत घसरली, एरवी ती ४९.८५ ते ५०.१५ च्या मध्ये असायला हवी. तेव्हा साउथ ऑस्ट्रेलियातल्या व्हीपीपीच्या घरगुती बॅटऱ्यांनी, म्हणजे दीडेक हजार किलोमीटर लांब गॅरेजच्या भिंतींवर बसलेल्यांनी, लगेच वीज सोडायला सुरुवात केली. कोणी फोन केला नाही, कमांड आली नाही. प्रत्येक बॅटरी आपल्या प्लगपाशीच फ्रीक्वेन्सी बघते, घसरली की घसरणीच्या प्रमाणात देते. बाजार चालवणाऱ्या एईएमओनं तेव्हा व्हीपीपींची ट्रायल चालवली होती, त्यांच्या अहवालात हे आहे.

आता मोजणीची गंमत बघा. संध्याकाळच्या दोन तासांत "एरवी काय झालं असतं" हे ठरवायला अंदाज लागतो. फ्रीक्वेन्सी घसरल्यावरच्या पहिल्या सहा सेकंदांत लागत नाही! घटनेच्या आधीच्या सेकंदाला घर काय करत होतं ते दिसतं, नंतरचं दिसतं, वजाबाकी करा, संपलं. सहा सेकंदांत कोणी एसी चालू-बंद करत बसत नाही. म्हणून मी म्हणेन फ्रीक्वेन्सीचं योगदान खरं, पीकचं योगदान वादाचं.

आकडेबहाद्दर
पण मग तेवढं बारीक मोजायला मीटर कुठून आणणार? घरच्या मीटरची नोंद पाच मिनिटांची.

सावनी_मेलबर्न
तोच वादाचा मुद्दा होता. मोठ्या वीजकेंद्रांना फास्ट सेवेसाठी, म्हणजे त्या पहिल्या सहा सेकंदांतल्या कामासाठी, ५० मिलिसेकंदाची नोंद लागते. प्रत्येक घरात तसं मीटर बसवायचं तर त्याचाच खर्च मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्त. म्हणून ट्रायलमध्ये सेकंदाला एक नोंद चालवून घेतली. मोठी केंद्रवाली मंडळी कुरकुरली की आम्हाला एक नियम, यांना दुसरा. त्यांचंही चूक नव्हतं.

अजून एक. तीच बॅटरी पीकला पूर्ण ५ किलोवॅट देत असेल तर त्याच क्षणी फ्रीक्वेन्सी घसरली तर ती जास्तीचं देणार कुठून? हात रिकामेच नाहीत. पण दोन वेगवेगळ्या पॉवरपॉइंटमध्ये तेच ५ किलोवॅट दोनदा मोजलेले मी पाहिलेत. एकच प्लॉट दोघांना विकल्यासारखं.

उगाच_एक
म्हणजे पुण्याचे बिल्डर तिकडेही पोचले.

टॉरेन्सकाठी
सावनी, त्या व्हीपीपीबद्दलच. इथे २०१८ साली सरकारनं टेस्लाबरोबर जाहीर केलं ते ५०,००० घरांचं होतं, २५० मेगावॅट, ६५० मेगावॅटतास (एक मेगावॅटतास म्हणजे हजार युनिट). त्याच्या आधी २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात अख्खं राज्य अंधारात गेलेलं, आम्ही मेणबत्त्या लावून मुलीला पाढे शिकवत होतो, त्यामुळे सगळ्यांना फार कौतुक वाटलं. ते २५० आज खरंच आहेत का?

सावनी_मेलबर्न
२०२५ मध्ये एजीएल या वीज कंपनीनं ते टेस्लाकडून घ्यायचं ठरवलं तेव्हा सुमारे ७,००० घरं होती, बहुतेक सरकारी घरांतली. ५ किलोवॅटनं गुणलं तरी ३५ मेगावॅट, तेही कागदावर. साउथ ऑस्ट्रेलियाचा उन्हाळी पीक तीन हजारांच्या वर जातो. २५० असते तर बारावा हिस्सा झाला असता, ३५ म्हणजे जेमतेम एक टक्का. त्या मानानं एकटी हॉर्न्सडेलची बॅटरी, ग्रिडलाच जोडलेली मोठी, १५० मेगावॅटची आहे.

पण म्हणून नाकं मुरडू नका. जुलै २०२५ पासून केंद्र सरकारची सबसिडी सुरू झालीय घरगुती बॅटरीला, किमतीच्या साधारण ३० टक्के, आणि बॅटरी व्हीपीपीला जोडता येण्यासारखी हवी अशी अट आहे. जोडलीच पाहिजे अशी सक्ती नाही. इथेच सगळे अंदाज घसरतात. जोडता येणाऱ्या किती आणि जोडलेल्या किती, हे दोन आकडे बातम्यांमध्ये एकच होऊन जातात.

निवृत्त_वायरमन
लोक काय करतील याचा अंदाज म्हणाल तर मी एक किस्सा सांगतो, विषय थोडा वेगळा. ५ एप्रिल २०२०, लॉकडाउन, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. ग्रिड चालवणाऱ्यांनी आधी हिशोब केला, घरातले दिवे किती, त्यांचे वॅट किती, मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटनं पडेल. प्रत्यक्षात पडली ३१ हजार! लोकांनी दिव्यांबरोबर पंखे, टीव्ही, काय काय बंद केलं. जलविद्युत केंद्रांनी खाली-वर करून सांभाळलं, फ्रीक्वेन्सी हाताबाहेर गेली नाही. मी निवृत्त होतो, घरी बसून एका हातात दिवा, दुसऱ्या हातात मोबाईलवर फ्रीक्वेन्सी. ती नऊ मिनिटं मला नऊ तासांसारखी गेली.

सांगायचं म्हणजे लाखो घरांचा अंदाज दुपटीनं चुकू शकतो, आणि तिथे तर वेळ, तारीख, मिनिटं सगळं आधीच जाहीर होतं.

बे_एरियातला_बंड्या
काका, भारी. बॅटरीत तो धोका कमी ना पण? माणूस ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं.

आकडेबहाद्दर
सॉफ्टवेअर सगळ्यांचं एकदम ठरवतं हाच धोका. माणसं वेगवेगळी चुकतात, चुका एकमेकींना खातात. सॉफ्टवेअर चुकलं की सगळी घरं एकाच दिशेला. टेस्लाचं ते स्टॉर्म वॉच घ्या, वादळाचा इशारा आला की बॅटरी घरासाठी भरून धरून ठेवायची. घरमालकाला उत्तम. पण वादळाच्या दिवशीच ग्रिडला गरज, आणि त्याच दिवशी हजारो बॅटऱ्या एकदम हात आखडता घेणार. वर्षभराची सरासरी काढून "९० टक्के उपलब्ध" म्हणणाऱ्याला हे दिसतच नाही. मोजायचं असेल तर वर्षातले सगळ्यात वाईट वीस तास घ्या आणि फक्त तेवढ्यांत किती आल्या ते बघा, बाकीचे ८,७४० तास कोणाला हवेत.

सावनी_मेलबर्न
अगदी. आणि गल्लीची मर्यादा विसरू नका. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या घरांनी एकदम बाहेर ढकललं की व्होल्टेज चढतं, २५३ च्या वर गेलं की इथल्या नियमानं इन्व्हर्टर आपोआप ताकद कमी करतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी शेजाऱ्यांचे एसी चालू असतात म्हणून निभतं. वसंतात दुपारी, एसी बंद आणि सोलर जोरात असताना, करून बघा.

पिंपळे_सौदागरी
एक भाबडा प्रश्न, बॅटरी झिजते त्याचं काय? मोबाईलची दोन वर्षांत मरते.

टॉरेन्सकाठी
भाबडा कसला, मी तो फॉर्म भरताना विचारला होता. माझ्या बॅटरीची, टेस्लाच्या पॉवरवॉल २ ची, वॉरंटी १० वर्षं, ७० टक्के क्षमतेची. फक्त सोलर साठवून घरात वापरली तर युनिटची मर्यादा नाही, पण ग्रिडशी असे व्यवहार केले तर एकूण ३७.८ मेगावॅटतासांपर्यंतच, म्हणजे ३७,८०० युनिट. भागिले १३.५ म्हणजे २,८०० वेळा पूर्ण रिकामी. वर्षाला तीस-चाळीस इव्हेंटनं काही होत नाही म्हणा, पण रोज संध्याकाळी ग्रिडला विकायची म्हटली तर साडेसात वर्षांत वॉरंटी संपली. कंपनीच्या माहितीपत्रकात ही ओळ शोधायला मला भिंग लागलं.

असो, मूळ मुद्द्याकडे. मला आता वेगळीच शंका येतेय. त्या संध्याकाळी ५.४ बाहेर गेले, मग बॅटरी साडेनऊलाच राखीव पातळीवर आली आणि त्यानंतर घर रात्रभर ग्रिडवर. म्हणजे जे दिलं ते परतच घेतलं?

आकडेबहाद्दर
हो! हेच लोक विसरतात. बॅटरी वीज तयार करत नाही. तुमची रोज रात्री रिकामी होत असेल तर ५.४ दिले तर ५.४ परत घेणार, फक्त नंतर. म्हणून "तुम्ही ग्रिडला इतके युनिट दिलेत, धन्यवाद" हे वाक्यच मुळात फसवं. दिले नाहीत, वेळ बदलली. सात वाजताचे अकराला नेले. सातला गॅसची महागडी केंद्रं धापा टाकत असतात, अकराला निवांत, पैसे त्या फरकाचे.

टॉरेन्सकाठी
थांबा, मोजूनच बघतो. शेजारी एक विएतनामी काका आहेत, घर आमच्यासारखंच, बॅटरी सेम, सोलर सेम, व्हीपीपीत नाहीत (म्हणतात माझी बॅटरी, माझा रिमोट). त्यांचा आणि माझा पाच मिनिटांचा मीटर डेटा शेजारी शेजारी ठेवतो. पुढचा इव्हेंट झाला की इथे टाकतो.

उगाच_एक
आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मायक्रोवेव्ह पीकला लावत नाही, शपथ.

टॉरेन्सकाठी
झाला काल इव्हेंट. पुन्हा साडेसहा ते साडेआठ, ३९ डिग्री. विएतनामी काकांनी आकडे दिले, बदल्यात कोथिंबीर वडी घेतली, महागात पडलं.

इव्हेंटच्या दोन तासांत माझ्या बॅटरीतून निघाले ८.९. घरानं खाल्ले ३.८. मीटरबाहेर गेले ५.१. त्याच दोन तासांत काकांच्या मीटरवर जवळपास शून्य, ना आत ना बाहेर, त्यांची बॅटरी त्यांचं घर चालवत होती. म्हणजे ऍपचे ८.९ नाही, काकांशी तुलना केली तर जादाचे ५.१. कंपनी ज्याचे पैसे देते तोच आकडा. फोनवरच्या त्या मुलीची मनातल्या मनात माफी मागितली.

मग रात्र. सूर्य उगवेपर्यंत मी ग्रिडमधून घेतले ४.८, काकांनी ०.३. फरक ४.५. म्हणजे ५.१ दिले आणि ४.५ परत घेतले. उरलेले ०.६ मी ग्रिडला खरोखर दान केले असं समजून सकाळी जरा ऐटीत चहा प्यायलो.

निवृत्त_वायरमन
ऐट जरा आवरा. सकाळी तुमची बॅटरी काकांच्या बॅटरीपेक्षा जास्त रिकामी होती ना, मग सोलरनं आधी ती भरली, आणि तेवढा वेळ काकांचं सोलर बाहेर देत होतं, तुमचं नाही. ते ०.६ तिथे गेले, भरता-काढताना जे गरम होऊन जातं ते वेगळंच. सकाळी सात ते दुपारी बाराचं दोघांचं रीडिंग टाका, मग बघू.

टॉरेन्सकाठी
काका, त्यासाठी अजून एक ताट कोथिंबीर वडी लागेल. रविवारी टाकतो.